प्रत कशाची आणि कोणासाठी?

पनवेलहून उरणमार्गे समुद्राकडे निघाले, की द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा लागते. मासेमारीचे जुने बंदर, धरमतरच्या खाडीपलीकडे रेवसला जाणारी लाँच, वाळत घातलेली जाळी आणि हवेत सदैव असणारा खारा ओलावा ही या गावाची ओळख. या गावात काय किंवा उरण-पनवेलच्या नव्या वसाहतींत काय, ज्या घरात साधारण २००० ते २०१२ या काळात संगणक आला, त्या घराच्या पोटमाळ्यावर अथवा शोकेसच्या तळच्या कप्प्यात तबकड्यांची एक चळत बहुधा सापडतेच. प्लॅस्टिकच्या गोल डब्यात दांडीवर ओवलेल्या सीडी आणि डीव्हीडी. त्यांवर मार्करने लिहिलेली नावे. एखादीवर चित्रपटाचे नाव, एखादीवर ‘ताईचे लग्न, भाग २’, कुठे ‘नारळी पौर्णिमा’, कुठे ‘शिबिर समारोप’, तर काहींवर काहीच नाही. घराला रंग काढायचा ठरला, की ही चळत ठेवावी की भंगारवाल्यास द्यावी, असा प्रश्न निघतो. नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची सोयच उरलेली नसल्यामुळे बहुतेक घरांत निर्णय भंगारवाल्याच्या बाजूने लागतो.

हा निर्णय इतक्या सहजतेने होऊ नये. त्या चळतीतील निम्म्या तबकड्या मुळात घरात असायलाच नको होत्या, आणि उरलेल्या निम्म्या गेल्या तर पुन्हा कोठेही मिळणार नाहीत. दुर्दैवाने दोन्ही एकाच डब्यात आहेत आणि दोन्हींवर सारखीच धूळ आहे.

आजच्या तरुणांना त्या काळातील खटाटोप सांगावा लागतो. व्हीसीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावत असे. त्यामुळे हिंदी चित्रपट दोन, प्रसंगी तीन तबकड्यांवर येई आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कोणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे. डीव्हीडी आली आणि ही उठाठेव संपली. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे उत्तम दर्जाचे सुमारे दोन तासांचे चित्रण. परंतु आपले चित्रपट अडीच-तीन तासांचे. म्हणून अनेक प्रकाशक दोन थरांच्या, ८.५ गिगाबाइट क्षमतेच्या तबकड्या वापरीत. घरी प्रत करू पाहणाऱ्याची अडचण इथेच होती. बाजारात कोरी तबकडी मिळे ती एका थराची. साडेआठाचा माल पावणेपाचात बसवायचा तर चित्र दाबून बारीक करावे लागे, नाहीतर गाणी तरी छाटावी लागत. त्यासाठी संगणकावर फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या होत्या आणि त्या चालवणारा मुलगा गल्लीत मान मिळवून होता.

२००४ मध्ये दोन थरांची कोरी डीव्हीडी आणि तिच्यावर लिहू शकणारे ड्राइव्ह बाजारात आले, आणि हा अडसर दूर झाला. मूळ तबकडी जशी आहे तशी, एकही दृश्य न दाबता, दुसऱ्या तबकडीवर उतरू लागली. साध्या कोऱ्या तबकडीच्या मानाने ती बरीच महाग होती. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अशा चार-दोन तबकड्या मोरा बंदराच्या लाँचने उरणला येत, आणि त्यांवर काय उतरवायचे याची यादी घरोघरी तयार असे.

अशी प्रत करणे ही चोरी आहे, असे त्या काळी फार थोड्यांना वाटे. ज्या घरात दुसऱ्याच्या झाडाची कैरीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये असे मुलांना शिकवले जाते, त्याच घरात पाहुण्यांना जेवणानंतर नकललेला चित्रपट कौतुकाने दाखवला जाई. अस्तेयाचे व्रत सांगणाऱ्या समाजाची नजर केवळ हाताने उचलता येणाऱ्या वस्तूवर राहिली. जी वस्तू नेली तरी मालकाच्या घरातून नाहीशी होत नाही, तिच्याबाबत ती सैल पडली.

महागाईची सबब नेहमी पुढे केली जाते. ती सबबही २००७ मध्ये संपली होती. मोझर बेअर ही भारतीय कंपनी तोवर कोऱ्या तबकड्यांच्या उत्पादनात जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक झाली होती. त्या वर्षी तिने चित्रपटांच्या तबकड्या स्वतः प्रकाशित करण्यास प्रारंभ केला आणि व्हीसीडीची किंमत २८ रुपये, डीव्हीडीची ३४ रुपये ठेवली. मालकाला त्याचा मोबदला पोचवून, अस्सल तबकडी, वडापावच्या चार-पाच प्लेटच्या दरात! तरीही नकला थांबल्या नाहीत. आणि कित्येक नकला ज्या कोऱ्या तबकड्यांवर होत, त्याही याच कंपनीने बनवलेल्या असत. पुढे तबकड्यांचा बाजारच ओसरला, कंपनी कर्जात बुडाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. तिच्या पतनाचे खापर घरगुती नकलांवर फोडणे योग्य ठरणार नाही. त्याला कारणे पुष्कळ होती. पण स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरांतूनही एका स्वदेशी उद्योगाची अस्सल तबकडी मागे राहिली आणि कोरी तेवढी खपली, याची नोंद राहावयास हवी.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होता. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हा मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीकडे आला. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून ‘श्वास’ची निवड झाली, तेव्हा निर्मात्यांपाशी अमेरिकेत जाऊन प्रचार करण्यापुरतेही धन नव्हते, त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. एका बाजूला वर्गणी देणारा मराठी माणूस आणि दुसऱ्या बाजूला मराठी चित्रपटाची तबकडी मित्राकडून उतरवून घेणारा मराठी माणूस, हे दोघे वेगळे नव्हते. पुष्कळदा ते एकाच घरात, किंबहुना एकाच माणसात नांदत होते. हिंदी चित्रपटाचा निर्माता हजारो पडद्यांवर आपले भांडवल वसूल करतो. मराठी निर्मात्याला शंभर चित्रपटगृहे मिळवताना दमछाक होते. त्याच्या बाबतीत तबकडीचे उत्पन्न म्हणजे पुढचा चित्रपट निघणार की नाही याचे उत्तर असे.

याहून अवघड प्रश्न ध्येयनिष्ठ मंडळींपुढचा आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुधीर फडके यांनी सावरकर दर्शन प्रतिष्ठानच्या माध्यमातून, सामान्य माणसांकडून निधी जमवून, अनेक वर्षांच्या कष्टांनंतर २००१ मध्ये ‘वीर सावरकर’ हा चित्रपट पडद्यावर आणला. पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजी गेले. अशा चित्रपटाच्या पन्नास प्रती काढून गावोगावी वाटल्या तर त्यात वावगे ते काय, ते तर कार्यच झाले, असा विचार निष्ठावान कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण हेतू शुद्ध असला म्हणून दुसऱ्याचे धन आपले होत नाही. ज्यांनी दहा-दहा रुपये देऊन हा चित्रपट उभा केला, त्यांनी तो कोणीही फुकट उतरवावा यासाठी दिले नव्हते. उद्या एखाद्या क्रांतिकारकावर वा संतावर चित्रपट काढू पाहणारा निर्माता आधीच्या चित्रपटाचा जमाखर्च पाहूनच खिशात हात घालणार. शिवाय व्यवहारातला अनुभवही ध्यानी घ्यावा. विकत घेतलेली तबकडी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली जाते. फुकट मिळालेली प्रत ‘सवडीने पाहू’ म्हणून डब्यात जाते आणि तिथेच राहते.

यावर एक आक्षेप असा निघतो, की आपल्या परंपरेत प्रत करणे हे तर पुण्यकर्म होते. ते खरेच आहे. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, असा दासबोधाचा जन्म सांगितला जातो. पुढे मठामठांतून त्याच्या प्रती झाल्या म्हणूनच तो घराघरांत पोचला. वि. का. राजवाडे वाडे, मठ आणि माळे धुंडाळीत हिंडले आणि त्यांना इतिहासाची साधने मिळाली, ती कोणी तरी लिहून वा नकलून जपली होती म्हणून. पोथीच्या शेवटी लेखनिक विनवणी करीत असे, की समोर जशी प्रत होती तशी उतरली आहे, चुकीचा दोष मला देऊ नका. आणि हे पुस्तक तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून सांभाळा. एका प्रतीसाठी महिने जात, डोळे झिजत.

पण पोथीचा कर्ता प्रती विकून पोट भरीत नव्हता. त्याचा योगक्षेम भिक्षेवर, मठावर अथवा राजाश्रयावर चाले. प्रत झाल्याने त्याचे काही उणे होत नसे, उलट शब्द पसरे. चित्रपटामागे मात्र छायाचित्रकारापासून प्रकाशयोजनेच्या खांबाला हात लावणाऱ्या पोऱ्यापर्यंत दीडशे-दोनशे माणसांची मजुरी असते, आणि ती तिकिटातून व तबकडीतूनच यायची असते. म्हणून पोथीचा दाखला देऊन चित्रपटाच्या नकलेचे समर्थन करता येत नाही. त्या लेखनिकाकडून घेण्यासारखे आहे ते वेगळेच: जे नष्ट होण्याचे भय आहे त्याची प्रत करावी, ती प्रामाणिक करावी आणि केलेली जपावी.

कायद्याचा कलही हेतू पाहण्याकडेच आहे. प्रताधिकार कायदा १९५७चा. २०१२च्या दुरुस्तीने खाजगी व व्यक्तिगत उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराची सवलत चित्रपटांनाही लागू झाली. त्याच दुरुस्तीने कुलूप फोडण्याबाबतचे कलम ६५ अ आले. चित्रपटांच्या तबकड्यांना गुप्त संकेतांचे कुलूप असते, आणि हक्काचा भंग करण्याच्या उद्देशाने ते फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद या कलमात आहे. डीव्हीडीचे हे कुलूप १९९९ मध्ये जगजाहीर करण्यात सहभागी असलेल्या नॉर्वेतील एका युवकाला तेथील न्यायालयाने २००३ मध्ये निर्दोष ठरवले, ते स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहणे हा त्याचा अधिकार मानून. विकत घेतलेली तबकडी चरे पडून खराब होईल म्हणून घरापुरती एक प्रत ठेवणारा, आणि शेजाऱ्याची तबकडी आणून दहा जणांसाठी प्रती काढणारा, यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या प्रकाराचा धंदा करणाऱ्यांवर मात्र महाराष्ट्राने २००९ मध्ये कठोर पाऊल उचलले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या १९८१च्या प्रतिबंधक कायद्यात ‘व्हिडिओ पायरट’ हा वर्ग समाविष्ट झाला. घरातल्या सोफ्यावर बसून चार प्रती वाटणाऱ्या सभ्य गृहस्थाला या पंगतीत आपलेही ताट मांडले जाऊ शकते, ही कल्पना रुचणार नाही. पण पंगत तीच आहे, फरक फक्त वाढप्याच्या संख्येचा.

चित्रपटावरील प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. प्रभातच्या ‘संत तुकाराम’वरील (१९३६) हा हक्क केव्हाच संपला आहे. ज्यांना जुन्या मराठी चित्रपटांची प्रत स्वच्छ मनाने जपायची आहे, त्यांच्यासाठी मोठे दालन मोकळे आहे. आणि जपण्याची निकड किती आहे हे प्रभातच्याच उदाहरणावरून कळते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिती त्यात भस्मसात झाल्या. प्रती आधीच अन्यत्र काढून ठेवलेल्या होत्या म्हणून चित्रपट वाचले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वाट्याला ते भाग्य आले नाही, भारताचा पहिला कथापट आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, त्याची काही रिळेच उरली आहेत.

पोटमाळ्यावरच्या डब्यातही अशीच एक आग लागलेली आहे. ती फक्त दिसत नाही. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर मजकूर खळग्यांच्या रूपाने प्लॅस्टिकमध्येच उठवलेला असतो, त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते. घरी लिहिलेली तबकडी तशी नसते. तिच्या पोटात सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझर त्या रंगावर डाग पाडून मजकूर लिहितो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग विटतो, धातूचा परावर्तक थर काळवंडतो. दोन थरांच्या तबकडीत वरचा थर अर्धपारदर्शक ठेवून त्यातून दुसऱ्यावर लिहावे लागते. त्यामुळे तिथे चुकीला वाव अधिक आणि वाचनही अधिक नाजूक. करंजासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात, पत्र्याखालच्या माळ्यावर, एप्रिल-मे महिन्यांचा उकाडा आणि त्यामागोमाग चार महिन्यांचा पाऊस सोसून या तबकड्यांनी पंधरा-वीस वर्षे काढली आहेत. काही अजून चालतात, हेच नवल.

चित्रपटांच्या नकला गेल्या तर खंत नाही. पण ‘ताईचे लग्न, भाग २’ या तबकडीवर काय आहे, याचा विचार करावा. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी समाजात लग्नविधींत धवले गाणाऱ्या धवलारणीचा मान मोठा. मांडव, हळद, पाठवणी अशा प्रत्येक प्रसंगाचे तिचे गाणे वेगळे. ते तिने आईकडून अथवा सासूकडून ऐकून उचललेले, कोठे लिहिलेले नाही, आणि गावागणिक निराळे. बँडबाजा आणि डीजेच्या गोंगाटात हा आवाज मागे पडला. ज्या धवलारणी वीस वर्षांपूर्वी साठीत होत्या, त्यांतील कित्येक आज नाहीत. त्यांचा आवाज राहिला असेल तर तो कोणत्याही संग्रहालयात नाही. लग्नाच्या चित्रणात, व्हिडिओवाल्याने गाणी भरताना चुकून पुसायच्या राहिलेल्या काही मिनिटांत आहे. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्याची, भरावाखाली गेलेल्या मिठागरांची आणि खाजणांची, जुन्या पालख्यांच्या वाटांची दृश्येही अशाच घरगुती चित्रणाच्या कडेकडेने आलेली असतात. वधू-वरांवर रोखलेल्या कॅमेऱ्यामागे एक आख्खे गाव उभे असते.

आणि येथे मालकीचा प्रश्नही उरत नाही. मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा असतो. प्रताधिकार कायद्याचे सतरावे कलम तसे सांगते. घरच्या लग्नाच्या चित्रणाची प्रत काढायला बहुधा कोणाचीच परवानगी लागणार नाही. ज्या हातांनी परक्या चित्रपटांच्या शेकडो नकला सफाईने काढल्या, त्याच हातांनी स्वतःच्या घराच्या एका लग्नाची दुसरी प्रत मात्र काढली नाही, हे आश्चर्य आहे.

काम अवघड नाही. संगणकाला बाहेरून जोडता येणारा तबकडी-ड्राइव्ह अजूनही बाजारात मिळतो. वस्तीत एकाने घेतला तरी पंचवीस घरांचे काम होते. तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल-गोल पुसू नये. एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही तर दुसऱ्यावर लावून पाहावी. पुष्कळदा जुना ड्राइव्ह वाचतो ते नवा वाचत नाही. दोन थरांच्या कोऱ्या तबकडीवर पुन्हा प्रत काढण्याचा मोह टाळावा. त्या आता दुर्मीळ आहेत आणि प्रश्न फक्त दहा वर्षे पुढे ढकलतात. सर्व काही दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, पुण्याला मुलीकडे किंवा बेंगळुरूला मुलाकडे ठेवावी, कारण घराला पाणी लागले तर एकाच कपाटातील दोन प्रती एकदमच जातात. शाळा-महाविद्यालयांतील मुले हे काम दिवाळीच्या सुटीत आनंदाने करतील. त्यांना फक्त कोणी तरी डबा खाली काढून द्यावा लागेल.

नाव देताना मात्र ‘लग्न’ किंवा ‘पालखी’ एवढ्यावर थांबू नये. गाव, वर्ष, वधू-वरांची नावे, पालखी कोणत्या वाटेने गेली ती वाट, आणि धवले म्हणणाऱ्या बाईंचे नाव. ते नाव संगणकाला ठाऊक नाही, व्हिडिओवाल्यालाही नाही. घरातील आजीला ठाऊक आहे. चित्रण लावून तिला शेजारी बसवले, तर ती सांगेल.